डोळ्यात जंत दिसला, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही कळव्याला राहतो. माझी वहिनी, वय 44. परवा संध्याकाळी डोळ्यात खुपतंय म्हणून तिने आरशात बघितलं, तर पांढऱ्या भागावर दोऱ्यासारखं काहीतरी सरकताना दिसलं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्यात वळवळ स्पष्ट दिसते. सकाळपर्यंत ते गायब झालं. फॅमिली डॉक्टरांनी जंताची गोळी दिली आणि ‘डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणाले. वहिनी रात्रभर झोपलेली नाही. हा जंत मेंदूत जाईल का? घरात मुलं आहेत, त्यांना लागेल का? आमच्याकडे शेरू नावाचा कुत्रा आहे. आई म्हणते, त्याच्यामुळेच झालं, त्याला कुठेतरी सोडून या.

वहिनींना आधी झोपायला सांगा. तुम्ही केलेल्या वर्णनाचा जंत मेंदूत जात नाही, एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि सापडला की बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत निघतो. व्हिडिओ काढलात हे फार चांगलं केलंत. कित्येक पेशंट दवाखान्यात पोहोचेपर्यंत जंत पापणीच्या आत खोल सरकलेला असतो. डॉक्टरांना काही दिसत नाही, आणि बिचाऱ्या पेशंटला घरचेसुद्धा ‘तुला भास झाला असेल’ म्हणतात.

ठाण्यात डोळ्यांची डॉक्टर म्हणून माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. आपल्या किनारपट्टीवर, केरळपासून वर मुंबई-ठाण्यापर्यंत, कधीही परदेशी न गेलेल्या माणसाच्या डोळ्यात असा दोरा दिसला, की पहिला संशय डायरोफायलेरिया रेपेन्सवर जातो. हा मुळात कुत्र्यांचा जंत. त्यांच्या कातडीखाली राहतो. त्याची सूक्ष्म पिल्लं कुत्र्याच्या रक्तात फिरतात, डास चावला की डासाच्या पोटात जातात, तिथे साधारण दोन आठवड्यांत पुढच्या अवस्थेला पोहोचतात, आणि तोच डास माणसाला चावला की माणसाच्या कातडीखाली उतरतात. माणूस हे त्यांचं चुकलेलं घर आहे. इथे तो जंत जवळजवळ नेहमी एकटाच असतो, त्यामुळे त्याचं पुढे काही वाढत नाही. म्हणूनच पेशंटच्या रक्ताच्या तपासणीत बहुतेक वेळा काहीच सापडत नाही.

वहिनींना एक आठवायला सांगा. गेल्या काही महिन्यांत गालावर, कपाळावर किंवा पापणीवर सुजेची गाठ येऊन दोन-चार दिवसांत जागा बदलून गेली होती का? डोळ्यात दिसण्याआधी हा जंत कातडीखालून महिनोन्‌महिने फिरलेला असतो. पेशंटने ती सूज ‘गांधील चावली असेल’ म्हणून सोडून दिलेली असते.

काढायचा कसा, ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. काही वर्षांपूर्वी कोपरीच्या एक बाई रात्री नऊच्या सुमारास आल्या, मी दवाखाना बंद करायच्या बेतात होते. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकासमोर, बसवलं तर जंत समोरच होता. डोळ्याच्या पांढऱ्यावर कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ त्वचा असते, तिच्याखाली तो नागमोडी पसरला होता आणि संथपणे एका टोकाकडून सरकत होता. अशा वेळी ‘उद्या सकाळी या’ म्हणायचं नसतं, कारण सकाळी तो तिथे नसतो. भुलीचे थेंब टाकले, पापुद्र्याखाली थोडं भुलीचं इंजेक्शन दिलं, जंत चिमट्याने पापुद्र्यासकट धरून ठेवला आणि बाजूला दोन-तीन मिलिमीटरचा छेद घेतला. मग दुसऱ्या चिमट्याने एक टोक पकडून हळूहळू बाहेर घेतला. इथे घाई केली तर तो तुटतो, आणि आत राहिलेल्या तुकड्याभोवती सूज धरते. बाहेर आला तेव्हा शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्यासारखा दिसत होता. मोजला, 11 सेंटिमीटर भरला. सलाइनच्या बाटलीत टाकला तरी वळवळत होता. बाईंनी ती बाटली हातात घेतली, दिव्यासमोर धरली, आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. आठ दिवसांनी त्यांच्या डोळ्यावर खूणसुद्धा उरली नव्हती.

जंत पॅथॉलॉजीत पाठवतात तो नाव ठरवण्यासाठी. रेपेन्सच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत उभ्या बारीक रेघा असतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसल्या की ओळख पटते. एकच जंत होता आणि तो अख्खा निघाला, तर पुढे गोळ्या-औषधांची सहसा गरज पडत नाही.

वहिनींना एक प्रश्न मात्र नक्की विचारला जाईल, त्याचं उत्तर तयार ठेवा: आफ्रिकेत कधी राहून आलात का? नवी मुंबईतून, ठाण्यातून नोकरीसाठी नायजेरिया-काँगोकडे जाणारे बरेच जण आहेत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा जंत आहे, तोही असाच डोळ्याच्या पांढऱ्याखालून फिरतो. तो दिवसा चावणाऱ्या एका माशीमुळे होतो. त्या पेशंटच्या रक्तात जंताची पिल्लं फार मोठ्या संख्येने असू शकतात, आणि अशा वेळी डीईसी (हत्तीरोगावरची गोळी) किंवा आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध बेधडक दिलं तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं. त्या जंताची पिल्लं रक्तात दुपारच्या सुमारास सापडतात, म्हणून रक्तही दिवसाच घेतात. हत्तीरोगासाठी आपण रात्री रक्त घेतो, त्याच्या अगदी उलट. आयव्हरमेक्टिन फार मोलाचं औषध आहे. आफ्रिकेतल्या ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ या आंधळं करणाऱ्या जंतरोगावर ते 1987 पासून फुकट वाटलं जातंय, आणि त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण कोविडच्या काळात उरलेली पट्टी घरात आहे म्हणून ती वहिनींना देऊ नका.

आता जंताच्या गोळीबद्दल. वहिनींनी एखादी घेतली असेल तर घाबरू नका, त्यांच्या या जंताच्या बाबतीत तिच्याने नुकसान होण्याची भीती नाही. तरीही ‘डोळ्यात जंत आहे ना, मग आधी गोळी’ ही सवय मला धोक्याची वाटते. कारण सांगते.

टिटवाळ्याचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, गळ्यात तुळशीची माळ. वर बघितलं की एकाच्या दोन वस्तू दिसायच्या आणि डावी पापणी सुजलेली. सोनोग्राफी केली. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एक काळी गोल गाठ, आणि तिच्यात एक पांढरा ठिपका. हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. तो ठिपका म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या पिल्लाचं डोकं. मी सांगितलं तसे ते गृहस्थ दुखावले. “डॉक्टर, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तीन पिढ्यांची वारी आहे.”

त्यांचं खरंच होतं, आणि माझंही. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. ती सांडपाण्यातून भाजीवर किंवा न धुतलेल्या हातांतून जेवणात गेली, की ती गिळणाऱ्याच्या मेंदूत, स्नायूंत, डोळ्यात पिल्लांच्या गाठी होतात. म्हणजे मांस खाणारा एक, आणि गाठ होणारा बऱ्याचदा दुसराच. कोथिंबीर, मुळा, पालक, कांद्याची पात, सगळं आपण कच्चं किंवा अर्धकच्चं खातो, आणि शहराच्या आसपास नाल्याच्या पाण्यावर पिकवलेली भाजी आपण सगळ्यांनीच रेल्वेच्या खिडकीतून पाहिली आहे. त्या गृहस्थांना मी हे कागदावर चित्र काढून समजावलं, तेव्हा त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. आजारापेक्षा त्यांना आपला आचार बाटल्याचं दुःख जास्त झालं होतं.

त्यांची गाठ स्नायूत होती. आधी मेंदूचा एमआरआय करून घेतला, मग अल्बेंडाझोल ही जंताची गोळी आणि सोबत स्टेरॉइड गोळ्या दिल्या, काही आठवड्यांत दोन-दोन दिसणं थांबलं. पण हीच गाठ डोळ्याच्या आत, पडद्याखाली किंवा मधल्या जेलीत असेल, तर हीच गोळी डोळा घालवू शकते. जिवंत गाठ शांत असते. आत डोकावलं तर मोत्यासारखा पारदर्शक फुगा दिसतो, आणि प्रकाश पडला की त्यातलं डोकं आतबाहेर करतं. गोळीने ती आतल्या आत मेली की तिच्यातून जे सुटतं त्याने सगळा डोळा पेटतो. म्हणून ती शस्त्रक्रियेने अख्खी बाहेर काढायची. आणि मेंदूत गाठी असतील तर गोळीने तिथेही सूज येऊन फिट येऊ शकते. म्हणून माझा आग्रह आहे की डोळ्याचा पडदा बाहुली मोठी करून तपासल्याशिवाय आणि मेंदूचं चित्र बघितल्याशिवाय कुणालाही ही गोळी चालू करू नये.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक गोष्ट लिहिते, कारण ती मला जास्त छळते. डोळ्यात जंत वळवळताना दिसला की माणूस त्याच दिवशी धावत येतो, आणि त्याचा डोळा वाचतो. ज्यांच्यामुळे डोळे जाताना मी बघितलेत ते परजीवी डोळ्यांना दिसतच नाहीत. नुसता डोळा लाल होतो, पेशंट मेडिकलमधून थेंब आणतो, आणि आठवडे निघून जातात.

त्यात सगळ्यात वाईट अकँथअमिबा. हा अमिबा सगळीकडे आहे: मातीत, तळ्यात, पाण्याच्या टाकीत, नळाच्या पाण्यात. अडचण आली की तो स्वतःभोवती दुहेरी भिंतीचं कवच करून बसतो, आणि पाण्यात घालतो तेवढ्या क्लोरीनने ते कवच मरत नाही. बुबुळावरच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला, बारीकसा ओरखडा असला की त्याला वाट मिळते. ऐरोलीच्या एका कंपनीत काम करणारी मुलगी आली होती, वय 26. रात्रपाळी, कॉन्टॅक्ट लेन्स, आणि सोल्यूशन संपलं की लेन्स ऑफिसच्या बेसिनवर नळाखाली धुऊन परत घालायची. माझ्याकडे येण्याआधी सहा आठवडे तिला ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूवरचं औषध चालू होतं, आणि त्यात भर म्हणून स्टेरॉइडचे थेंब. हे दोन आजार सुरुवातीला इतके सारखे दिसतात की भले भले चुकतात, मीही चुकले आहे. पण एक खूण मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते: डोळ्यात जेवढं दिसतंय त्यापेक्षा वेदना कितीतरी पट जास्त असेल, तर अमिबाचा विचार करा. ही मुलगी खोलीतला दिवा लावू देत नव्हती. आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती.

कॉर्निया खरवडून नमुना घेतला. प्रयोगशाळेत अगर नावाच्या साध्या जेलीच्या थाळीवर बॅक्टेरियांचा पातळ थर देतात आणि त्यावर तो नमुना ठेवतात. दोन-तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर गवतावरून गुरं चरत जावीत तशा त्या थरात वाटा पडलेल्या असतात. त्या वाटांच्या टोकाला अमिबा सापडतो. तिच्या थाळीत तशा वाटा होत्या. मग पीएचएमबी या जंतुनाशकाचे थेंब, सुरुवातीचे दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा. हे थेंब प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, मोठ्या नेत्ररुग्णालयातून तयार करून घ्यावे लागतात. उपचार आठ महिने चालले. तिची आई रात्री दर तासाचा गजर लावून उठत होती. डोळा राहिला, पण कॉर्नियावर पांढरा डाग बसला, आणि त्या डोळ्यात पुढे कॉर्नियाचं रोपण करावं लागलं.

लेन्स वापरणाऱ्यांनी म्हणून एवढं पाळाच: लेन्सला आणि तिच्या डबीला नळाचं पाणी लावायचं नाही, बिसलेरीचंही नाही. लेन्स घालून अंघोळ नाही, पोहणं नाही. डबी रोज कोरडी करून उघडी ठेवायची आणि तीन महिन्यांनी फेकून द्यायची. पण भारतात या आजाराचे बरेचसे पेशंट लेन्स न वापरणारेच असतात. शेतात भाताचं पातं लागलं, बांधकामावर चिखल उडाला, आणि डोळा मिळेल त्या पाण्याने धुतला, एवढंच झालेलं असतं. शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्या अशा पेशंटला कुणी अमिबाचा विचार करून तपासतच नाही, कारण ‘हा लेन्सवाल्यांचा आजार’ हे पुस्तकातलं वाक्य डोक्यात बसलेलं असतं.

पावसाळ्यात आणखी एक येतो, मायक्रोस्पोरिडिया. हल्ली त्याची गणना बुरशीच्या जवळ करतात, आधी तो परजीवींतच धरला जायचा. चिखलाच्या मैदानात फुटबॉल खेळून आलेला मुलगा, एकच डोळा लाल, आणि स्लिट लॅम्पवर कॉर्नियावर रव्याचे कण पसरल्यासारखे उंचवटे. हा बहुतेक वेळा साध्या वंगणाच्या थेंबांवर दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा होतो. स्टेरॉइड दिलं की मात्र रेंगाळतो.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या लाल डोळ्याच्या थेंबांवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी कोणतंही नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि आतला अमिबा किंवा बुरशी निवांत वाढते. घरातल्या कपाटात अशी उघडलेली बाटली असेल तर आजच टाकून द्या.

मुलांचं विचारलंत म्हणून टोक्सोकाराबद्दलही सांगते, कारण घरात कुत्रा आणि लहान मुलं दोन्ही आहेत. हा कुत्र्याच्या, मुख्यतः पिल्लांच्या, आतड्यातला जंत. विष्ठेतली अंडी मातीत काही आठवडे राहून मग लागणक्षम होतात. ती माती मुलाच्या तोंडात गेली तर त्याची अळी क्वचित डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचते आणि तिथे गाठ होते. मूल काही सांगत नाही, एका डोळ्याने दिसणं कमी झालंय हे त्याला कळतही नाही. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एकच बाहुली पांढरी चमकते तेव्हा आई-वडिलांच्या लक्षात येतं. अशी चमक दिसली तर थांबू नका, कारण डोळ्याचा कर्करोगही असाच दिसतो, आणि तो आधी नाकारावा लागतो. 1950 मध्ये अमेरिकेत हेलेनोर वाइल्डर यांनी काढून टाकलेले 46 डोळे पुन्हा तपासले, त्यांतल्या 24 मध्ये कर्करोगाऐवजी जंताच्या अळीच्या खुणा निघाल्या. मुलांचे ते डोळे होते, हे वाचताना मला आजही त्रास होतो. आता आपल्याकडे सोनोग्राफी आहे, रक्ताच्या चाचण्या आहेत, म्हणून वेळेवर आणा एवढंच म्हणते.

आता वहिनींचं. डोळा चोळायचा नाही, त्यात गुलाबपाणी, मध, काहीही घालायचं नाही. पुन्हा खुपायला लागलं किंवा काही हललं, की लगेच व्हिडिओ काढा आणि तासाभरात जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचा. कोणाकडे जायचं ते आजच ठरवून, फोन करून ठेवा. निघताना रिक्षात त्यांना तो डोळा मिटून, हलका झाकून बसू दे. जंत दिसत नसला तरी या आठवड्यात एकदा बाहुली मोठी करून पूर्ण डोळा तपासून घ्या, पापण्या उलटून बघायला सांगा. घेतलेल्या गोळीचं नाव कागदावर लिहून न्या.

आणि शेरूला सोडू नका. त्याने चाटल्याने, चावल्याने किंवा त्याच्यासोबत झोपल्याने हा जंत लागत नाही, मध्ये डास लागतोच. तो डास गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्याला चावून आलेला असू शकतो. कळव्याची खाडी आणि तुंबलेली गटारं एवढी जवळ असताना त्याला शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेरूला पशुवैद्यांकडे नेऊन रक्त तपासून घ्या. त्याच्या रक्तात पिल्लं सापडली तर उपचार आहेत, नाही सापडली तरी दर महिन्याला द्यायचं प्रतिबंधक औषध चालू करता येतं, आणि त्यासोबतच आतड्यातल्या जंतांचं औषधही ते देतील. त्याची विष्ठा रोजच्या रोज उचला, मुलांना मातीत खेळून आल्यावर साबणाने हात धुवायला लावा, खिडक्यांना जाळ्या बसवा. आईंना हे सगळं वाचून दाखवा. रस्त्यावर सोडलेला कुत्रा तपासणीविना, औषधाविना तिथेच फिरत राहील, आणि डास त्यालाही चावणारच आहेत.